डॉ. विक्रम पटेल यांचे संशोधन आणि आपल्या घरातील बाळंतीण

(मनामा, बहरीन येथे मराठी भाषिक ज्यू कुटुंबांसमोर दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या संशोधनाविषयी आज चार शब्द सांगावेत, असे मी योजिले आहे. विषय डॉक्टरांचा वाटेल. परंतु तो आपल्या माजघरातला आहे.

१९९०च्या दशकात डॉ. पटेल झिंबाब्वे देशात संशोधन करीत होते. तेथील शोना भाषेत मनाच्या व्यथेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. त्याचा अर्थ अतिविचार. आपल्याकडेही बाई 'मी खिन्न आहे' असे क्वचितच सांगते. "अंग मोडून येतं, डोकं जड होतं, जीव घाबरा होतो," असे ती म्हणते. मग तिला शक्तीच्या गोळ्या मिळतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

१९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांच्यासह त्यांनी केलेला बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांना नैराश्याचा आजार होता. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. कारणे कोणती? गरिबी, पतीशी बेबनाव आणि मुलगी होणे. बाळाचे लिंग आईच्या आजाराचे कारण ठरावे, यात दोष बाळाचा नव्हे, आईचाही नव्हे. तो तिच्याभोवतीच्या माणसांचा आहे. याच मातांच्या बाळांकडे पाहिले, तेव्हा खिन्न मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने कमी असण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळले.

यावर उपाय काय? मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी कोठून आणणार? डॉ. पटेल यांनी स्थानिक सामान्य व्यक्तींना शिकवून समुपदेशक केले. गोव्यातील या प्रयोगाचा अहवाल २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. सरकारी आरोग्य केंद्रांत या पद्धतीने सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या उपचाराने सुमारे ४३ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले.

रोश हशानाच्या दिवशी आपण हन्नाची कथा वाचतो. ती रडे, जेवत नसे. सवत पनिन्ना तिला टोचून बोले. पती एलकानाचे तिच्यावर प्रेम होते, तरी तिचे दुःख त्याला उमगले नाही. एली याजकाला ती मद्यप्यालेली वाटली. परंतु त्याने तिचे उत्तर ऐकून घेतले आणि तिला शांतीने निरोप दिला. तेव्हा ती जेवली आणि तिचा चेहरा म्लान राहिला नाही. शमुवेल अजून जन्मला नव्हता. बदलले होते ते एवढेच, की तिचे कोणी ऐकले होते.

आता या बहरीनचा विचार करू. कोकणात पहिलटकरीण माहेरी जाते. तेथे शेक-शेगडी असते, डिंकाचे लाडू असतात, आणि रात्री बाळ रडले तर उचलून घ्यायला आजी असते. येथे नवरा कामावर, बाहेर ऊन, आणि बंद सदनिकेत ती एकटी. माझ्या परिचारिकेच्या नोकरीत मी पाहिले आहे, की सारे बाळाचे वजन विचारतात. आईची झोप कोणी विचारीत नाही.

पहिल्या काही दिवसांत रडू येणे स्वाभाविक असते, ते आपोआप ओसरते. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, बाळ झोपले असतानाही आईला झोप येईना, अन्न नकोसे झाले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार ती बोलून दाखवील, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका. त्याच दिवशी, त्याच घटकेला रुग्णालयात न्या. यात घराण्याची बेअब्रू नाही. मधुमेहाला औषध घेतो, तसेच हे.

सासूबाईंना आणि नणंदांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगी झाली की "पुढच्या वेळी मुलगा होईल" हे सांत्वन करू नका. पेढे वाटा. बाळंतिणीजवळ बसा, "तू कशी आहेस, बाळ?" असे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका.

परमेश्वर आपल्या लेकीसुनांना आरोग्य देवो. आमेन.