वक्तृत्व स्पर्धेला नवा विषय द्या

मंडळी, गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत मुले चोख बोलतात, पण भाषण बहुधा आईने लिहिलेले असते. परीक्षकांनी एक प्रश्न विचारला की गाडी अडते.

अहमदाबादच्या किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये ‘डिझाइन फॉर चेंज’ हा शालेय उपक्रम सुरू केला. त्यात मुले भोवतालची अडचण हेरतात, उपाय कल्पितात, करून पाहतात आणि शेवटी लोकांना सांगतात. ही चौथी पायरी म्हणजेच वक्तृत्व!

आपला मोठा तलाव २००२ पासून रामसर यादीत आहे. त्याचे पाणी आपण पितो, आणि मूर्ती विसर्जनाचा प्रश्नही दरवर्षी निघतो. नववी-दहावीच्या मुलांनी प्रेमपुरा घाटावर जावे, मूर्तिकारांशी, सफाई कामगारांशी बोलावे, विसर्जन कुंडाचा नमुना करावा आणि तो पार्षदांपुढे मांडावा. तिथे हिंदी बोलावी लागेल. मराठीत तालीम आपल्यापुढे होईलच. मूल थोडे अडखळेल, पण विचारलेल्याचे उत्तर देईल. भोपाळात आपली मते थोडी. निवेदन मुद्देसूद नसेल तर ऐकतो कोण?

यंदा हा विषय ठेवावा आणि निम्मे गुण प्रश्नोत्तरांना द्यावेत, अशी कार्यकारिणीला माझी सूचना आहे.