अंगण व खळ्यासाठी ठशाचे काँक्रीट : निवड करताना काय पाहावे?

(बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पीक लागवडीवर बोलणारा माणूस आज अंगणाच्या कोब्यावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्याकडे अंगण हा शेताचाच एक भाग आहे. सोयाबीनची रास तेथेच पडते, तूर-हरभरा तेथेच वाळतो, उन्हाळ्यात कुरडया-पापडही तेथेच घातले जातात. संध्याकाळी घरातील वडीलधारी माणसे तेथेच बसतात. म्हणून अंगणात घातलेला पैसा वाया गेला तर त्याचा फटका घराला आणि शेतीमालाला, दोघांनाही बसतो.

अलीकडे नवीन घर बांधताना अंगणात किंवा ओट्यापुढे 'स्टॅम्प काँक्रीट' करण्याची पद्धत आपल्याकडेही येत आहे. ते करावे की नाही, करायचे तर कोठे आणि कसे, हे आज पाहू.

ठशाचे काँक्रीट म्हणजे काय?

नेहमीसारखे काँक्रीट ओतून ते सपाट करतात. त्यावर रंगाची भुकटी पसरून थापीने घोटतात. काँक्रीट अर्धवट आवळले की रबरी ठसे दाबून दगडाची, विटांची किंवा लाकडी फळ्यांची नक्षी उमटवतात. वाळल्यावर धुऊन वर पारदर्शक लेप देतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ब्रॅड बोमन यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. म्हणजे हा काही नवीन जातीचा पदार्थ नाही. आतमध्ये तेच सिमेंट, तीच वाळू आणि तीच खडी असते. नक्षी फक्त वरच्या पापुद्र्यात असते. त्यामुळे साध्या कोब्याला ज्या कारणाने भेगा पडतात, त्याच कारणाने यालाही पडतात. फरक इतकाच, की साध्या कोब्याची भेग बुजवता येते. रंगीत नक्षीवरचे ठिगळ मात्र कायम दिसत राहते, कारण रंग पुन्हा जुळत नाही.

प्रथम जमीन तपासा

पिकाची निवड आपण जमिनीचा मगदूर पाहून करतो. अंगणाचेही तसेच आहे. गेवराई, माजलगाव आणि परळी तालुक्यांतील गोदाकाठच्या गावांत काळी भारी जमीन खोल आहे. उलट पाटोदा, आष्टी, धारूर, केज भागात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यावर अनेक ठिकाणी फूट-दीड फुटावर मुरूम लागतो.

काळ्या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण दरवर्षी पाहतो. हीच माती कोब्याखाली असेल तर पावसाळ्यात कडा वर उचलल्या जातात व उन्हाळ्यात खाली बसतात. मधला भाग झाकलेला असल्याने तेथील ओल फारशी बदलत नाही. अशा ओढाताणीत चार इंचांचा कोबा टिकत नाही. सळई घातल्याने भेग पडायची थांबत नाही. ती फक्त फार रुंदावत नाही.

म्हणून ठेकेदाराकडून नक्षीचे पुस्तक पाहण्याआधी अंगणात तीन फूट खोल खड्डा घेऊन पाहावा.

१) फूट-दीड फुटात मुरूम लागला तर वरची माती काढून तेथपर्यंत मुरूम भरावा. काम सोपे व स्वस्त होते.

२) माती खोल असेल तर निदान दीड ते दोन फूट माती काढून चांगला, थोडा चिकट मुरूम भरावा. सहा-सहा इंचांचे थर द्यावेत. प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारून धुम्मसाने किंवा रोलरने दबाई करावी. भराव कोब्याच्या कडेबाहेर दोन फूट असावा.

३) खड्ड्यात नुसती वाळू भरू नये. काळ्या मातीतील वाळूचा खड्डा पावसाळ्यात पाण्याचा हौद होतो व खालची माती अधिकच फुगते.

आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतील कालव्यांच्या अस्तरासाठी, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा दाबलेला थर मधे घालण्याची पद्धत विकसित केली. आपल्या अंगणातील मुरमाचा थर याच तत्त्वावर काम करतो.

माती फारच खोल असेल आणि एवढा भराव परवडत नसेल, तर ठशाच्या काँक्रीटच्या नादी लागू नये. दाबलेल्या मुरमावर पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी फरशी बसवावी. जमीन हलली तर तेवढ्याच फरश्या उचलून, खाली मुरूम सारखा करून पुन्हा बसवता येतात. अखंड कोब्याला ही सोय नाही.

ऊन आणि दमट हवा

आपला जिल्हा कोकणासारखा बारमाही दमट नाही. परंतु येथे दोन टोके आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि जूनपासून परतीच्या पावसापर्यंत हवा ओलसर राहते. ठशाच्या काँक्रीटला ही दोन्ही टोके जड जातात.

उन्हाळ्यात काँक्रीट लवकर आवळते. ठसा उमटवण्यासाठी जो मऊपणा लागतो, तो फार थोडा वेळ टिकतो. एका बाजूला नक्षी खोल, दुसऱ्या बाजूला अर्धवट, असे काम होते. गवंडी मग वरून पाणी शिंपडून पृष्ठभाग मऊ करतो. तसे मुळीच करू देऊ नये. त्याने वरचा पापुद्रा कच्चा राहून पुढे सुटतो.

रंग निवडताना गडद काळा, विटकरी किंवा चॉकलेटी टाळावा. गडद रंग ऊन शोषतो आणि दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. वाळूसारखा, मातकट किंवा फिकट राखाडी रंग घ्यावा. त्यावर धूळही कमी दिसते.

पावसाळ्यात खरी अडचण लेपाची असते. चकाकणारा लेप ओला झाला की निसरडा होतो. त्यात नक्षीच्या खाचांत पाणी साचून शेवाळ धरते. घरात म्हातारी माणसे असतील तर हा धोका लहान समजू नये. उतारवयात मांडीचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून चकाकीचा लेप घेऊ नये. बिनचकाकीचा घ्यावा आणि त्यात घसरण रोखणारी बारीक पूड मिसळून घ्यावी. नक्षी उथळ निवडावी. ओल्या कोब्यावर किंवा पावसाळी हवेत लेप दिला तर आत ओल कोंडून तो पांढरट पडतो. काँक्रीट महिनाभराचे झाल्यावर, कोरड्या दिवसांत लेप द्यावा. दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो, हा खर्च आधीच धरावा.

खळ्यावर नक्षी नको

आता कृषिविद्येच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जेथे माल पडणार, तेथे ठशाचे काँक्रीट करू नये. खाचांत धान्य अडकते, झाडताना निघत नाही, ओलीने सडते व त्यात कीड राहते. खळ्यासाठी साधा कोबाच चांगला. काँक्रीट आवळताना त्यावर उताराच्या दिशेने खराटा फिरवून हलके ओरखडे द्यावेत. पाय घसरत नाही आणि झाडणेही सोपे जाते.

परंतु साध्या कोब्यावरही बियाण्याचे सोयाबीन थेट टाकू नये. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर टरफलाच्या लगत असतो. कडक कोब्यावर पोते आपटले, उंचावरून रास ओतली किंवा तापलेल्या कोब्यावर भर दुपारी बी पसरले, तर वरून दाणा चांगला दिसला तरी उगवण घटते. घरचे बियाणे ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावे, पोती हाताने अलगद ठेवावीत. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते. चांगला कोबा केला म्हणून बियाणे आपोआप चांगले राहत नाही, हे ध्यानात असावे.

काम केव्हा व कसे करावे?

आपल्याकडे काँक्रीटचे काम उरकण्याची घाई उन्हाळ्यात होते, आणि नेमके तेव्हाच विहिरी तळ गाठतात. ज्या गावाला टँकर लागतो, तेथे कोब्याला पुरेसे पाणी कोण मारणार? खरिपाची रास उचलल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काम काढावे. विहिरीला पाणी असते आणि ऊनही सौम्य असते.

२० फूट लांब, २० फूट रुंद व ४ इंच जाड कोब्याला एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणात अंदाजे ३० ते ३१ पोती सिमेंट, अर्ध्या ब्रासहून थोडी अधिक वाळू आणि सव्वा ब्रासच्या आत खडी लागते. ट्रॅक्टर-ट्रॉली फिरणार असेल तर जाडी ५ ते ६ इंच करावी. पोत्यामागे पाणी ३० लिटरपेक्षा जास्त होऊ नये. वाळू ओली असेल तर तिच्यातील पाणी यातूनच वजा धरावे. पातळ माल पसरायला सोपा, पण तोच पुढे भेगाळतो.

चार इंचांच्या कोब्याला आठ ते दहा फुटांवर सांधे ठेवावेत. सांधा जाडीच्या चौथाईइतका खोल असावा. ठशाच्या कामात हा सांधा नक्षीच्या रेषेवर घेता येतो. सांधे नसतील तर काँक्रीट स्वतःच कोठेतरी फाटते. दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार घराच्या उलट दिशेला द्यावा.

सध्या बाजारात राखमिश्रित सिमेंट जास्त मिळते. परळीच्या औष्णिक केंद्रातून निघते, तशी दगडी कोळशाची राख त्यात असते. ते चांगलेच असते, पण सावकाश पक्के होते. त्यामुळे किमान १४ दिवस ओल राखावी. पाणी कमी असेल तर भिजवलेली गोणपाटे अंथरून वर प्लास्टिकचा कागद झाकावा. रंगीत कामावर मात्र ओले गोणपाट टाकल्यास डाग पडतात. तेथे कोणता उपाय करणार, हे ठेकेदाराकडून आधी ठरवून घ्यावे.

पाणी कोठे जाणार?

एवढ्या अंगणावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर सुमारे ३७० लिटर पाणी वाहते. ते कोब्याच्या कडेला मुरले तर तेथील काळी माती फुगते. पन्हाळीचे आणि अंगणाचे पाणी नालीने लांब नेऊन शोषखड्ड्यात किंवा परसातील झाडांना द्यावे. मोठे झाडही कोब्याला खेटून लावू नये. त्याची मुळे एका बाजूची ओल ओढून घेतात आणि ती बाजू खचते.

खर्चाचा क्रम

पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवावा : पहिला खर्च माती काढून मुरमाचा व दबाईचा, दुसरा उतार व नालीचा, तिसरा योग्य प्रमाणाच्या काँक्रीटचा आणि ओल राखण्याचा. एवढे झाल्यावर पैसे उरले तरच ओट्यापुढच्या लहान जागेत, माणसांची बैठक असते तेथे, फिकट रंगाची उथळ नक्षी करावी. खळे साधेच ठेवावे. ठेकेदार निवडताना त्याने दोन पावसाळे आधी केलेले काम जाऊन पाहावे, आणि ते शक्यतो आपल्यासारख्याच जमिनीवरचे असावे. त्या अंगणात एक तांब्या पाणी ओतून त्यावर चालून पाहावे. पाय घसरतो का, पाणी कोठे थांबते, सांध्याबाहेर भेग गेली आहे का, हे तेथेच कळेल.

कोणाच्या अंगणातील जमिनीविषयी शंका असतील तर आता जरूर विचाराव्यात.