मुक्या रोगांची ओळख
(आरोग्य तपासणीच्या पूर्वसंध्येस केलेलें भाषण)



पटकी आणि प्लेग हे रोग आरडाओरड करीत गांवांत येत. आजचे रोग मुकाट्यानें घरांत शिरतात आणि वर्षानुवर्षें आपल्याच पंक्तीस जेवतात. मधुमेह व उच्च रक्तदाब हे त्यांतील प्रमुख होत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशांत सुमारें १० कोटी लोकांस मधुमेह, तर ३१ कोटींहून अधिक लोकांस उच्च रक्तदाब आहे. पैकीं कित्येकांस त्याची वार्ताहि नाहीं. कारण दुखूं लागेपर्यंत आपण रोग मानीतच नाहीं.

मग तो ओळखावा कसा? चेन्नई येथील संशोधकांनीं २००५ सालीं मधुमेहाच्या धोक्याचें एक साधें गुणपत्रक प्रसिद्ध केलें. त्यास रक्ताचा थेंबहि लागत नाहीं. वय किती, कमरेचा घेर किती, अंगमेहनत किती आणि आईबापांस मधुमेह आहे काय, एवढे चारच प्रश्न. पन्नाशी गांठली कीं ३० गुण; सारें काम बैठें असल्यास आणखी ३०. शाळेंत शंभरांपैकीं साठ गुण मिळाले तर आपण पेढे वांटतों. येथें साठ झाले तर रक्त तपासून घ्यावें. वय आणि आईबाप आपल्या हातचे नाहींत. कंबर आणि मेहनत मात्र आहेत. तसेंच मीठ दिवसाकाठीं ५ ग्रॅमपेक्षां कमी असावें, व त्यांत सुक्या मासळीचें आणि लोणच्याचें मीठहि धरावें.

कित्येक जण विचारतात, “फादर, तपासलें आणि कांहीं निघालें तर?” बंधूंनो, तपासणीनें रोग उत्पन्न होत नाहीं, असलेला उजेडांत येतो. न तपासलेला रक्तदाब एखाद्या सकाळीं पक्षाघाताच्या रूपानें आपली ओळख देतो, आणि तेव्हां रोग्याची वाचाहि त्याच्या स्वाधीन राहीलच असें नाहीं. मग सेवेचा भार बहुधा घरच्या स्त्रियांवर पडतो. त्याच स्त्रिया सर्वांस वाढून शेवटीं जेवतात व तपासणीसहि शेवटींच येतात. यास्तव प्रत्येक पुरुषानें आपल्या मातेस व पत्नीस सोबत आणावें.

आंकडा १४०/९० वर गेला तरी घाबरूं नये. डॉक्टर पुन्हां मोजून ठरवितील. परंतु औषध सुरू झाल्यावर बरें वाटतें म्हणून तें आपल्या मनानें सोडूं नये.

उद्यां सकाळीं उपाशीपोटीं या, आणि येतांना शेजाऱ्याच्या दारावरहि थाप मारा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.