टाळी वाजली की भाव बदला
(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमात केलेले भाषण)



बँकेत असताना आंतरशाखा एकांकिका स्पर्धेत मी कामं केली, पण ती पाठ केलेली. यंदा आपल्या नाट्यगटाने उत्स्फूर्त प्रवेश करायचे ठरवले आणि माझी पंचाईत झाली. संहिताच नाही! तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या जागच्या जागी बोलतो, तसं बोलायचं.

सराव असा. दोघांना एक प्रसंग द्यायचा. टाळी वाजली की प्रसंग तोच ठेवून भाव बदलायचा. अमेरिकेत व्हायोला स्पोलिनबाईंनी उत्स्फूर्त नाट्याचे खेळ रचले; त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं. आपल्या नाट्यशास्त्रात तर ८ स्थायी आणि ३३ व्यभिचारी भाव फार पूर्वीच सांगून ठेवलेत. व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे.

माझी जोडी लागली ती वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी. बाथरूमच्या गळतीवरून चार वर्षं आमचं बोलणं बंद. प्रसंग : दोघे लिफ्टमध्ये अडकलेत. पहिला भाव, राग. तो उत्तम जमला. त्याला तालमीची गरजच नव्हती!

टाळी. "काळजी!" मी लगेच आवाज मऊ केला. आमची दिग्दर्शिका, म्हणजे बी विंगमधली कॉलेजकन्या, म्हणाली, "काका, आवाज बदलला, तुम्ही नाही बदललात. समोर बघा. कारण तिथे सापडेल."

मी बघितलं. गृहस्थ एका पायावर भार देऊन भिंतीला टेकले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघा दुखतोय का हो?"

"दुखतो. जिना उतरवत नाही आता."

पुढची टाळी वाजलीच नाही.

त्या दिवशी मी शिकलो ते एवढंच. टाळीनंतर एक श्वास थांबायचं, समोरच्याकडे नीट पाहायचं, आणि बदलाचं कारण त्याच्याकडून घ्यायचं. चेहरा ओढूनताणून भाव येत नाही. आणि आधीचा राग एकदम पुसायचा नाही. तो थोडा उरतोच. उरला, तरच काळजी खरी वाटते.

गळती अजून पुरती थांबलेली नाही. पण परवा ते प्लंबरला घेऊन स्वतः खाली आले. चहा झाला.

दर रविवारी संध्याकाळी पाचला क्लबहाउसमध्ये तालीम असते. ज्यांचं कुणाशी बोलणं बंद आहे, त्यांनी जरूर यावं. जोडीनेच यावं.