गुडघा बदलला, पुढचं काम घरच्यांचं

(बारामती आणि इंदापूरच्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी गुडघ्यावर बोलणार आहे. इथे बहुतेक जण पंचविशीतले आहेत, त्यामुळे विषय ऐकून हसू येईल. पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात अम्मी, अब्बा, नानी किंवा फुफू यांच्यापैकी कुणाला तरी डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलेलं असेल. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या अम्मीचा गुडघा बारामतीत बदलला आणि पुढचे महिने आमच्या इंदापूरच्या घरी गेले. त्या काळात सर्जनला आणि फिजिओथेरपिस्टला विचारून जे समजलं, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. अमेरिकेत काम करणारे डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती शस्त्रक्रिया केली. जून 2001 मध्ये उजवा गुडघा झाला आणि जुलैत वाजपेयी आग्र्याला मुशर्रफ यांच्याशी बोलणी करायला बसले. तेव्हा हे मोठ्या माणसांचं ऑपरेशन वाटायचं. पुढे ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत जीएसटी सोडून 54,720 रुपये ठरली. आज आपल्या तालुक्यातली माणसंही हे ऑपरेशन करून घेतात. फरक एवढाच की पंतप्रधानांच्या दिमतीला डॉक्टरांची फौज असते. आपल्याकडे डिस्चार्जनंतर घरची माणसं असतात.

आणि गडबड तिथेच होते. ऑपरेशनसाठी आपण सगळं करतो. पैसे गोळा करतो, रजा काढतो, दवाखान्यात आठ जण जाऊन बसतो. घरी आल्यावर म्हणतो, "अम्मी, आता नुसता आराम करा." हा आरामच गुडघा आखडवतो.

ऑपरेशनमध्ये होतं काय? मांडीच्या हाडाचं आणि नडगीचं झिजलेलं टोक कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि मधे कठीण प्लास्टिकची चकती ठेवतात. पण भोवतालचे स्नायू, शिरा, आवरण सगळं जुनंच राहतं. वर्षानुवर्षं दुखलं म्हणून जो पाय नीट वाकलाच नाही, तो ऑपरेशनआधीच आखडलेला असतो. त्यात जखम, सूज आणि आतून भरून येताना तयार होणारे चिवट धागे. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा हलवला नाही, तर ते धागे घट्ट होत जातात. नंतर सोडवणं अवघड.

किती वाकायला हवा, याचा अंदाज ठेवा. सपाट रस्त्यावर चालायला साधारण 65 ते 70 अंश पुरतात. जिना चढायला 90 च्या आसपास लागतात. खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे जास्त. आणि वाकण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाय पूर्ण सरळ होणं. तो झाला नाही तर माणूस कायम लंगडत चालतो. म्हणून बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू देऊ नका. टॉवेलची गुंडाळी ठेवायची तर टाचेखाली.

व्यायाम साधे आहेत. पाऊल वरखाली करणं, मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबणं, टाच घसरवत पाय जवळ घेणं, सरळ पाय उचलणं, खुर्चीत बसून पाय मागे नेणं. दिवसातून तीन-चार वेळा, तुमच्या फिजिओथेरपिस्टने सांगितले तेवढे. वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची वेळ त्यांना विचारून ठरवा. नंतर कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ. व्यायाम करताना दुखणारच. दुखणं थोड्या वेळात उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

सगळ्यांत वाईट काळ म्हणजे दुसरा-तिसरा आठवडा. पाहुणे येऊन गेलेले असतात, रात्री झोप लागत नाही आणि आजचा गुडघा कालच्यासारखाच वाटतो. अम्मी तेव्हा म्हणाली, "उगाच केलं ऑपरेशन." मी खुर्चीपुढे फरशीवर खडूने रेघ मारली. टाच मागे कुठवर जाते, ते दर जुम्म्याला नोंदवायचं. रोज न दिसणारी प्रगती चार रेघांत दिसली. आम्ही कामावर लॉग ठेवतो तो याचसाठी. अंदाज माणसाला घाबरवतो, नोंद धीर देते. बहुतेकांना तीन महिन्यांत रोजचे व्यवहार जमू लागतात, पण सुधारणा वर्षभर चालू राहते. काही महिने गुडघा गरम लागणं, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, हेही नेहमीचं आहे.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. पोटरी दुखून सुजली, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. सहा आठवडे उलटूनही गुडघा 90 पर्यंत पोहोचत नसेल, तर सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय असतो आणि तो वेळेत केला तरच चांगला लागू पडतो. हाडवैद्याकडून जोर लावून मालिश मात्र नको. शुगर असेल तर ती ताब्यात हवी, कारण जंतुसंसर्गाचा धोका तिथून वाढतो.

आपल्या भागातली एक अडचण म्हणजे अंतर. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. तपासणीला जाताना पुढची सीट मागे सरकवा, भवानीनगर किंवा निमगाव केतकीला गाडी थांबवून चार पावलं चालवा. रोज फिजिओथेरपीला जाणं परवडत नाही, म्हणून पहिल्या भेटीतच व्यायामाचा व्हिडिओ काढायची परवानगी मागा.

आता नमाज. सजद्यात आणि कायद्यात गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडतो. बदललेल्या गुडघ्याला बहुधा तेवढं जमत नाही. कित्येक बुजुर्ग याच भीतीने ऑपरेशन टाळतात, किंवा झाल्यावर खुर्चीवर नमाज पढताना मनातून खजील होतात. उभं राहून जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर, असं इम्रान बिन हुसैन यांच्या हदीसमध्ये स्पष्ट आहे, आणि ती बुखारीत आहे. सवलत दीनने दिली आहे, मग लाज कसली? मशिदीत मजबूत, हात टेकायला जागा असलेल्या चार खुर्च्या आणि वजूखान्यात एक उंच बैठक, एवढं काम तुम्ही तरुण या महिन्यात करू शकता. घरी कमोडची खुर्ची आणि ओट्याशी उंच स्टूल.

शेवटचं बोलणं मुलग्यांशी. हे सगळं करतं कोण? सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. बर्फ तिने आणायचा, व्यायाम तिने घ्यायचा, चिडचिड तिने ऐकायची. आपण पुण्याहून फोन करून विचारतो, "कशी आहे तब्येत?" पैसे पाठवणं ही खिदमत आहेच, पण गुडघा पैशाने वाकत नाही. पहिले सहा आठवडे भावंडांत वाटून घ्या. सकाळचा व्यायाम कुणाचा, संध्याकाळचा कुणाचा, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. लांब असाल तर व्हिडिओ कॉल लावून सोबत दहा वेळा पाय उचला. त्या वयात कुणीतरी बरोबर मोजतंय, याने फार फरक पडतो.