कामाची वाटणी आणि हिशेब : ‘सी’ भाषेतील अपत्य-प्रक्रिया
(उमरगा येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



उमरगा तालुक्यात अतिवृष्टी झाली, की सोयाबीनच्या नुकसानीचे पंचनामे महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी गावोगावी जाऊन करतात. सर्व गावांचे अहवाल हाती आल्यावरच तालुक्याचा तक्ता पूर्ण होतो. एक अहवाल राहिला, तर त्या गावचा शेतकरी मदतीस मुकण्याचा संभव असतो. संगणकाकडून अशा तक्त्याची बेरीज करून घ्यावयाची, तर हीच शिस्त तेथेही पाळावी लागते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ‘युनिक्स’ प्रणाली उभारली. १९७३ मध्ये ती रिची यांच्या ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली. या प्रणालीत चालू असलेल्या आज्ञावलीस ‘प्रक्रिया’ म्हणतात. ‘फोर्क’ ही आज्ञा देताच प्रक्रियेची प्रत तयार होते. मूळ प्रक्रिया जनक, नवी ती अपत्य. फोर्कचे उत्तर अपत्यास शून्य मिळते, तर जनकास अपत्याचा क्रमांक मिळतो. अपत्य निर्माणच झाले नाही, तर उत्तर उणे एक येते. या उत्तरावरून प्रत्येकाने आपले काम ओळखावयाचे असते.

दोघांची स्मृती मात्र स्वतंत्र असते. अपत्याने केलेली बेरीज जनकाच्या खाती आपोआप जमा होत नाही. त्यासाठी फोर्कपूर्वीच ‘पाइप’ तयार करावा. अपत्याने एका टोकाने लिहावे, जनकाने दुसऱ्या टोकाने वाचावे, आणि ज्याला जे टोक नको ते त्याने बंद करावे. अन्यथा मजकूर संपल्याचे जनकास कळत नाही व तो ताटकळत राहतो.

वाचन झाल्यावर ‘वेट’ने अपत्याच्या समाप्तीचा संकेत घ्यावा. हा संकेत ० ते २५५ एवढाच असतो. काम सुखरूप झाले की नाही, हे त्यावरून समजते. संकेत न घेतल्यास संपलेल्या अपत्याची नोंद तशीच उरते. तिला ‘झॉम्बी’ म्हणतात. अशा नोंदी साचल्या, की नव्या प्रक्रियेस जागा उरत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तीन गावांसाठी तीन अपत्ये निर्माण करवून घ्यावीत आणि तीनही संकेत तपासल्यावाचून एकूण बेरीज छापू देऊ नये. काम वाटून देणे सोपे असते. प्रत्येकाचा हिशेब घेतल्यावरच ते पुरे होते.