वारेच्या पलीकडे

गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिला ताप भरला. रात्री मला विचारते, "अब्बा, माझा ताप बाळाला पोचत असेल का?" मी बी. ए. झालेला कवी. "झोप, बेटा," एवढंच म्हणालो. सकाळी तिच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि मग पुस्तकं धुंडाळत बसलो.

आजारात शरीरातल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. आईच्या रक्तातले हे निरोप बाळापर्यंत जातात का? २००४ साली अमेरिकेत डॅलस इथल्या संशोधकांनी प्रसूतीनंतरची ताजी वार घेतली, तिच्या दोन्ही अंगांनी द्रव खेळवला आणि हे रेणू त्यात सोडले. टीएनएफ-अल्फा पलीकडे नावालाच उतरलं, इंटरल्यूकिन-६ थोडं झिरपलं. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात तेही जवळजवळ अडलं. अर्थात, ही साक्ष दिवस भरलेल्या वारेची. ती पहिल्या महिन्यांना लावू नये. कारण घुशीच्या जातीतल्या प्राण्यांत गर्भारपणाच्या मध्यावर इंटरल्यूकिन-६ पिलापर्यंत पोचल्याचं दिसलं आहे.

आयजीजी नावाची प्रतिपिंडं मात्र वार स्वतः उचलून आत नेते. शेवटच्या तीन महिन्यांत तर इतकी, की जन्मवेळी बाळाच्या रक्तात ती बहुधा आईपेक्षा जास्त भरतात. गरोदर बाईला दिलेली धनुर्वाताची लस तान्ह्याला वाचवते ती यामुळेच. आयजीएम ही दुसरी प्रतिपिंडं दारातच थांबतात.

पण वार म्हणजे नुसतं दार नव्हे. आईकडचा गलका तिला कळतो आणि ती स्वतःच सायटोकाइन बनवू लागते. निरोप्याला बाहेर थांबवलं, तरी घरातल्यांची कुजबुज आतल्या खोलीत पोचतेच की! आमच्या गावी दाई ही वार परसात खोल पुरून टाकायची. आपण काय पुरतो आहोत, ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

आणि उष्णता? पोटातलं बाळ आईपेक्षा साधारण अर्धा अंश गरमच असतं आणि आपली उष्णता तिच्या रक्तावर सोपवत असतं. आईच तापली तर ती सोपवायची कुणाकडे? म्हणूनच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ताप अंगावर काढू नका, आधी उतरवा."

मुलीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. नातू आता रांगतो आहे. परवा हे सगळं तिला उत्साहानं सांगितलं, तर म्हणाली, "मग अब्बा, त्या रात्री मला नुसतं झोप का म्हणालात?"